झिजायचं कुणी?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाबाहेरची पाटी आठवून पाहा. स्क्रीन, बॅटरी आणि चार्जिंग पिन ही तीन नावं तिच्यावर बहुधा असतातच. स्क्रीन फुटते ती फोन हातातून पडला म्हणून. बॅटरी थकते ती वयोमानाने. पण चार्जिंग पिन का जाते? ती तर आपल्या जागी बसून असते. तिच्यात वायर घालायची आणि काढायची, एवढाच तिचा आपल्याशी संबंध. आणि नेमकी तीच तक्रार, की वायर ढिली बसते, जरा तिरकी धरली तरच चार्जिंग होतं.

आज या छोट्याशा भागाविषयी बोलायचं आहे. संगणक म्हटलं की आपल्याला चिप आठवते, सॉफ्टवेअर आठवतं. पण फोन असो, लॅपटॉप असो की टेबलावरचा संगणक, त्याला एक पेटी असते, त्या पेटीला भोकं असतात आणि त्या भोकांतून वायरी आत जातात. हा सगळा प्रांत यंत्र अभियंत्याचा. धातूचा पत्रा, स्प्रिंग, स्क्रू, घर्षण, तरफ ही त्याची भाषा. सोयीसाठी आपण यंत्रातल्या भागाला सॉकेट म्हणू आणि वायरीच्या टोकाला प्लग.

प्लग सॉकेटमध्ये जातो तेव्हा धातूवर धातू घासतो. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांसारखा असतो. दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकतात ते फक्त काही शिखरांवर, आणि सगळी वीज तेवढ्या मोजक्या ठिकाणांहून जाते. हा स्पर्श टिकावा म्हणून एका बाजूला तांब्याच्या मिश्रधातूची बारीक स्प्रिंग असते आणि ती दुसऱ्या बाजूच्या पट्टीवर दाबून बसते. प्लग आत सरकताना ही स्प्रिंग पट्टीवरून घासत जाते. ते घासणंही हवंच असतं, कारण त्याने वरची धूळ आणि काळा थर पुसला जातो. वर सोन्याचा मुलामा असतो, कारण सोनं हवेने काळवंडत नाही. हा थर सहसा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याखाली निकेलचा थर असतो.

स्प्रिंग कमी दाबली तर स्पर्श तुटक होतो. जास्त दाबली तर प्लग घालायला जोर लागतो आणि सोनं लवकर खरवडलं जातं. यातून सुटका नाही. प्रत्येक वेळी थोडी झीज होणारच. मग आराखडा करणाऱ्यासमोर प्रश्न उरतो तो एवढाच, की झिजायचं कुणी?

आपल्या स्वयंपाकघरात याचं उत्तर फार पूर्वीच सापडलेलं आहे. कुकरचं भांडं पंधरा-वीस वर्षं चालतं. त्याची रबरी रिंग मात्र वर्षा-दोन वर्षांनी बदलावी लागते. त्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही. झिजणारा भाग वेगळा काढला, तो स्वस्त ठेवला आणि कुणालाही बदलता येईल असा केला. समजा, रिंग कुकरला कायमची चिकटवलेली असती, तर दर दोन वर्षांनी कुकर भंगारात गेला असता.

आता संगणकाच्या इतिहासात हे उत्तर कसं सापडत गेलं ते पाहू.

जुन्या टेबलावरच्या संगणकाची मागची बाजू पुष्कळांनी पाहिली असेल. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची सॉकेटं आणि प्लगच्या दोन बाजूंना दोन स्क्रू. हा डी आकार कॅनन नावाच्या एका अमेरिकी कंपनीने १९५२ साली आणला. कॅमेरे बनवणारी कॅनन ती वेगळी. आकार असा की प्लग उलटा बसूच नये. भोवती धातूचं कवच, म्हणजे आतल्या संदेशाला बाहेरच्या विद्युत गोंगाटाचा उपद्रव कमी. मॉनिटरसाठी आयबीएमने १९८७ साली आणलेलं पंधरा पिनांचं निळं व्हीजीए सॉकेट याच घराण्यातलं. निळा रंग त्याला पुढे मिळाला.

त्या दोन स्क्रूंचं महत्त्व मोठं आहे. कुणी वायरीला अडखळलं, तर तो हिसका स्क्रूंवाटे सॉकेटच्या धातूच्या चौकटीला आणि पेटीच्या पत्र्याला मिळायचा. आतल्या नाजूक टाक्यांपर्यंत त्यातलं फार थोडं पोचायचं. १९९५ साली आलेल्या एटीएक्स आराखड्यात पेटीच्या मागच्या बाजूला साधारण १५९ बाय ४४ मिलिमीटरची एक चौकोनी खिडकी ठरवून दिली गेली. कुठल्याही कंपनीचा मदरबोर्ड असो, त्याची सॉकेटं त्या खिडकीतून बाहेर डोकावतात. आणि झिजेचं म्हणाल, तर मॉनिटरची वायर एकदा लावली की वर्षानुवर्षं कुणी काढत नसे. झिजणार काय?

१९९६ च्या जानेवारीत यूएसबी आलं. सात कंपन्यांनी मिळून केलेलं हे काम. त्यात इंटेलच्या बाजूने पुढाकार घेणारे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. यूएसबी चालू संगणकाला लावायचं आणि चालू असतानाच काढायचं, ही त्यातली नवी गोष्ट. त्यासाठी यांत्रिक युक्ती किती साधी पाहा. प्लगमधल्या चार पट्ट्यांपैकी बाहेरच्या दोन, म्हणजे वीज देणाऱ्या, किंचित लांब ठेवल्या. त्यामुळे घालताना आधी वीज जोडली जाते आणि मग माहिती. काढताना आधी माहिती तुटते आणि शेवटी वीज. तो चपटा प्लग एका वेळी सरळ बसत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव. दोन्ही बाजूंनी बसणारा का केला नाही, असं भट्ट यांना २०१९ साली अमेरिकेतल्या नॅशनल पब्लिक रेडिओने विचारलं. त्यांचं उत्तर खर्चाचं होतं. तसं करायचं तर तारा आणि सर्किटं दुप्पट लागली असती, आणि यूएसबी स्वस्त झालं नसतं तर कुणी घेतलंच नसतं.

पण या पहिल्या यूएसबीत नाजूक स्प्रिंगा होत्या सॉकेटमध्ये, म्हणजे यंत्राच्या बाजूला. नियमाप्रमाणे ते किमान १५०० वेळा घालून-काढून टिकायला हवं. माऊस आणि प्रिंटरसाठी ते पुरेसं होतं.

मग मोबाइल आला, आणि हिशेबच बदलला. रोज एकदा चार्जिंग म्हटलं तरी १५०० वेळा म्हणजे चार वर्षं. रोज दोनदा म्हणजे दोनच. आधी तर प्रत्येक कंपनीचा चार्जर वेगळा. नोकियाचीसुद्धा जाडी पिन आणि बारीक पिन, आणि पाहुण्यांच्या घरी गेलं की 'बारीक पिनचा चार्जर आहे का?' ही विचारणा. या गोंधळात २००७ साली मायक्रो यूएसबी आलं. त्यात दोन गोष्टी ठरवून केल्या. टिकण्याची अट १५०० वरून १०,००० वर नेली. आणि प्लगला पकडून ठेवणाऱ्या स्प्रिंगा सॉकेटमधून काढून प्लगवर नेल्या. म्हणजे झिजायचं ते शंभर-दीडशे रुपयांच्या वायरीने, काही हजारांच्या फोनने नव्हे. कुकरच्या रिंगचाच न्याय!

मग मायक्रो यूएसबीच्या इतक्या पिना गेल्या कशा? इथे अभियंत्याचा दुसरा प्रश्न येतो. लागलेला जोर जातो कुठे? दहा हजारांचा आकडा हा सरळ घालण्याचा आणि सरळ काढण्याचा. आपण फोन चार्जिंगला लावून अंथरुणात आडवे होतो, वायर वाकते, फोन छातीवर टेकतो. प्लगचा आत गेलेला भाग काही मिलिमीटरचा आणि बाहेरची मूठ त्याच्या तीन-चार पट लांब. ही सरळसरळ पहार झाली. तिच्या टोकाला दिलेला थोडासा रेटा सॉकेटच्या तोंडाशी कितीतरी पटींनी वाढतो. डी आकाराच्या प्लगला पेटीवर स्क्रू होते. इथे सॉकेट सहसा बोर्डाला फक्त झाळलेलं. सगळा भार त्या झाळाच्या चार ठिपक्यांवर. शिवाय अंधारात चाचपडत उलटा दामटलेला प्लग आतली जीभच मोडतो.

२०१४ साली आलेल्या टाइप-सीने यातल्या बऱ्याच उणिवा भरून काढल्या. प्लग कुठल्याही बाजूने बसतो. सॉकेटमध्ये मधोमध एक पातळ जीभ आणि तिच्यावर दोन्ही अंगांना मिळून चोवीस सपाट पट्ट्या. वाकणाऱ्या, थकणाऱ्या साऱ्या स्प्रिंगा प्लगमध्ये. चांगल्या फोनमध्ये सॉकेटवर धातूची पट्टी टाकून ती आतल्या सांगाड्याला स्क्रूने आवळलेली असते, म्हणजे रेटा झाळावर न जाता सांगाड्यावर जातो. सत्तर वर्षांपूर्वीचे ते स्क्रू असे वेगळ्या रूपात परत आले आहेत.

म्हणजे सगळं छान झालं का? नाही. कारण याच काळात एका सॉकेटवर सगळा संसार येऊन पडला. पूर्वी लॅपटॉपला विजेची गोल पिन वेगळी, मॉनिटरचं सॉकेट वेगळं, यूएसबी वेगळं. एक बिघडलं तर बाकीची चालत. आता कित्येक पातळ लॅपटॉपना एक किंवा दोन टाइप-सी सॉकेटं असतात. वीज तिथूनच, माहिती तिथूनच, पडद्यावरचं चित्रही तिथूनच. फोनला तर एकच. ते गेलं आणि बिनतारी चार्जिंगची सोय नसली, की चांगला चालणारा फोन म्हणजे हातातली नुसती काच.

म्हणून तिसरा प्रश्न महत्त्वाचा. सॉकेट गेलंच, तर ते एकट्याने बदलता येतं का? पुष्कळ फोनमध्ये ते एका छोट्या वेगळ्या पट्टीवर असतं. आपले कारागीर तिला चार्जिंग बोर्ड किंवा सब-बोर्ड म्हणतात. ती काढली, दुसरी बसवली, फोन चालू. पण तेच सॉकेट मुख्य बोर्डावर झाळलेलं असेल, तर काम कुशल हाताचं होतं आणि पुष्कळदा 'मदरबोर्डच बदलावा लागेल' असं उत्तर मिळतं. त्याची किंमत ऐकून माणूस नवीन यंत्र घेतो आणि जुनं कपाटात जातं, तिथून भंगारात. एका नखाएवढ्या भागापायी पडदा, बॅटरी, चिप, सारंच वाया.

हे टाळायच्या वाटा आहेत. ॲपलने २००६ साली लॅपटॉपसाठी चुंबकाने चिकटणारा प्लग आणला. वायरीला पाय अडकला तर प्लग सुटतो, लॅपटॉप जागेवर राहतो. २०२१ साली फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीने असा लॅपटॉप काढला, की बाहेरून दिसणारी सॉकेटं छोट्या डब्यांवर असतात आणि तो डबा हाताने ओढून काढता येतो. रोजची झीज त्या डब्याच्या तोंडाशी होते, आतलं सॉकेट सुखरूप.

कायदेही बदलत आहेत. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नवीन फोनना टाइप-सी सॉकेट बंधनकारक झालं, आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली गेली. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो तिथला २० जून २०२५ पासून लागू झालेला दुसरा नियम. फोनची विक्री थांबल्यावरही सात वर्षं त्याचे ठरावीक सुटे भाग दुरुस्ती करणाऱ्यांना मिळाले पाहिजेत, आणि त्या यादीत चार्जिंगचं सॉकेट आहे. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं टाइप-सीविषयीचं मानक २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालं, आणि दुरुस्तीच्या हक्कासाठी ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये एक पोर्टल सुरू केलं. सगळ्यांचं सॉकेट एकसारखं असणं ही पहिली पायरी. ते बदलता येणं ही दुसरी, आणि ती अजून पुरती चढायची आहे.

तोवर आपल्या हातात काय आहे? प्लग काढताना वायर ओढू नका, मूठ धरून सरळ काढा. चार्जिंग ढिलं वाटलं तर आधी दुसरी वायर लावून पाहा. ती घट्ट बसली तर दोष जुन्या वायरीचा. तिने तिचं काम केलं, तिला निरोप द्या. अर्धी तुटलेली वायर रबर लावून, कोन साधून चालवत राहणं म्हणजे दीडशे रुपये वाचवून फोनचं सॉकेट झिजवणं. दुसरी वायरही ढिली बसली, तर फोन बंद करून उजेडात आत डोकावून पाहा. खिशातली कापसाची लव प्लगच्या रेट्याने आत ठासून बसते आणि प्लग शेवटपर्यंत जातच नाही. लाकडी दातकोरणीने ती अलगद निघते. सुई किंवा टाचणी मात्र नको. पावसात भिजलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका. ओल्या पट्ट्यांमध्ये वीज खेळली की धातू गंजत जातो, सोन्याचा मुलामा असला तरी. आणि फोनला जाड कव्हर असेल, तर प्लग पुरता आत बसतो ना, तेवढं बघून घ्या.

नवीन यंत्र घेताना आपण कॅमेरा विचारतो, मेमरी विचारतो. त्याबरोबर दुकानदाराला एवढंही विचारावं, 'याची चार्जिंग पिन वेगळी बदलता येते का?' त्याला उत्तर ठाऊक नसेल कदाचित. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारलं, तर तो वर विचारील, आणि हा प्रश्न कधीतरी आराखडा करणाऱ्याच्या टेबलावर पोचेल.