आजारी बालकाचा उपस्थाता



उत्सवसमितीने मला दिलेला विषय वास्तविक निराळा होता. चरकसंहितेच्या भाषेविषयी काही सांगावे, असे ठरले होते. पाठशाळेत दहा वर्षे व्याकरण शिकवीत असल्यामुळे तो विषय मला सोपाही गेला असता. परंतु गेल्या वर्षी आमच्या धाकट्या कन्येला घेऊन मी व माझी पत्नी तेवीस दिवस रुग्णालयात राहिलो, आणि परत आल्यावर त्या ग्रंथातील एक अध्याय मला पूर्वीसारखा वाचता येईना. समितीची क्षमा मागून त्याच अध्यायापासून आरंभ करतो.

सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात आचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधिद्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रोग्याजवळ राहून त्याची सेवा करणारा. त्याच्या अंगी चार गुण हवेत: शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, ज्याची सेवा करावयाची त्याच्याविषयी अनुराग, आणि शुचिता. विद्यार्थ्यांकडून हे मी घोकून घेत असे आणि पुढे जात असे. अनुरागाचा क्रमांक तिसरा आहे, ही गोष्ट माझ्या कधी ध्यानातही आली नव्हती. आम्ही आईबाप बहुधा त्या तिसऱ्या गुणाच्याच आधारावर रुग्णालयात प्रवेश करतो आणि तेवढ्याने सर्व भागेल असे मानतो.

मुलीचा विकार जन्मजात, हृदयाचा. हजारी आठ-नऊ बालके हृदयात काही ना काही दोष घेऊन जन्मास येतात. त्यांपैकी हा एक. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र. फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद. शरीराला रक्त पुरविणारी महारोहिणी त्या छिद्रावरच सरकलेली. आणि उजवा कप्पा श्रमाने जाड झालेला. मार्सेयच्या फालो नावाच्या वैद्याने 1888 साली या चार दोषांचे एकत्र वर्णन केले, म्हणून त्याचेच नाव या विकारास मिळाले. अशुद्ध रक्त फुप्फुसात न जाता थेट शरीरात मिसळते. ओठ, नखे निळी दिसतात. आमची मुलगी अंगणात चार पावले धावली की मध्येच उकिडवी बसे. आम्हाला तो तिचा खेळ वाटे. शेजारच्या आजी दृष्ट काढीत. पुढे अंगणवाडीत बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकातील डॉक्टरांनी तिची नखे पाहिली, छातीला नळी लावली आणि आम्हाला बाजूला बोलावले. 2013 पासून देशभर चालू असलेली ही तपासणी अनेकांना उपचार म्हणूनच वाटते; माझ्या घरी तिने एक जीव वाचविला. तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. हे काम बहुधा पहिल्या वर्षातच उरकावयाचे असते.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे, आणि ती याच सभामंडपात दिलेली बरी. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीसाठी आम्हास जी तारीख मिळाली ती पौषातली होती. घरातील वडीलधाऱ्यांनी महिना पालटू द्या म्हटले, आणि मीही रुकार दिला. बालक, वृद्ध व आतुर यांना आपल्या शास्त्रांनी नियमांतून किती सवलत दिली आहे, हे मी मुलांना शिकवितो. स्वतःच्या मुलीच्या वेळी मला त्याची आठवण झाली नाही. त्या पाच आठवड्यांत तिला दोन वेळा निळेपणाचा झटका आला. दुसऱ्या वेळी तिला घेऊन आम्ही धावतच एका रुग्णालयात गेलो.

तेथे माझ्या हातून दुसरी चूक घडली. रक्त काढावयाचे होते. मुलगी सुईकडे पाहू लागली तशी मी म्हणालो, "काही नाही बाळ, नुसतं औषध लावणार आहेत." सुई टोचली. तिने माझ्याकडे पाहिले, आणि जी रडू लागली ती थांबेना. त्यातच मुलाला आईबाप दिसले की ते जास्त रडते, या समजुतीने तेथील लोकांनी आम्हाला दाराबाहेर केले. या विकारात रडणे हे नुसते रडणे नसते. रडता रडता फुप्फुसांची अरुंद वाट अधिकच आवळते, निळे रक्त शरीरात वाढते, त्यामुळे श्वास आणखी जोराने चालतो, आणि असे चक्र एकदा सुरू झाले की मूल मूर्च्छित होऊ शकते. दाराच्या काचेतून मी तिचे ओठ जांभळ्या रंगाचे होताना पाहिले. मी त्या वेळी काय करीत होतो? मी स्तोत्र म्हणत होतो. डोळे मिटून म्हणत होतो, हेही सांगून टाकतो.

एका वयस्क परिचारिकेने दार उघडून माझ्या पत्नीला आत ओढले आणि मुलीला तिच्या हातात दिले. "गुडघे छातीशी लावा, असे, घट्ट धरा आणि बोलत राहा," असे म्हणून तिने प्राणवायूची नळी मुलीच्या तोंडाजवळ धरली. गुडघे दुमडून छातीशी दाबले म्हणजे पायांतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराकडची वाट अवघड होते आणि रक्त फुप्फुसांकडे वळते. अंगणात उकिडवी बसून ती मुलगी तीन वर्षे हाच उपचार आपला आपण करीत होती! आई तिला पोटाशी धरून गायीच्या वासराची गोष्ट सांगत राहिली. काही मिनिटांनी ओठांचा रंग निवळला. आईच्या मांडीवरचे ते आसन आणि तिचा न कापणारा आवाज, हे त्या वेळचे औषध होते. त्या दिवशी आमच्या दोघांपैकी उपस्थाता कोण ठरले, हे मी सांगावयास नको.

मूल आणि आईबाप यांना रुग्णालयात एकत्र ठेवावे की नाही, हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडात एके काळी पालकांना आठवड्यातून थोडा वेळच भेटू देत. मूल गप्प झाले म्हणजे ते रुळले, असे समजत. जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 साली दोन वर्षांच्या एका मुलीचे रुग्णालयातील आठ दिवस चित्रपटात टिपले, तेव्हा ते गप्प होणे रुळणे नसून खचणे आहे, हे वैद्यमंडळींना दिसले. पुष्कळांना ते आवडले नाही. 1959 साली तेथील सरकारी समितीने, प्लॅट यांच्या अध्यक्षतेखाली, पालकांना भेटीची मुभा असावी आणि लहान मुलांच्या आयांना रुग्णालयात राहू द्यावे अशी शिफारस केली. आमच्या बाजूला अजून कोठे कोठे जुनी रीत दिसते. अशा वेळी भांडण करण्याऐवजी, "मी येथे कोणते काम करू?" असे विचारावे. रिकाम्या हातांनी उभ्या असलेल्या बापास बाहेर काढणे सोपे. वाटी-चमचा घेऊन बसलेल्या आईस काढणे अवघड. ही युक्तीही मी पत्नीकडूनच शिकलो.

पुढे बेळगावहून रात्रीच्या गाडीने आम्ही बंगळूरला गेलो. शस्त्रक्रिया तेथे व्हावयाची होती. मुलीला मराठीवाचून दुसरी भाषा येत नव्हती. परिचारिकांपैकी काही कन्नड बोलणाऱ्या, बहुतेक केरळच्या. सीमाभागातील माणसाला भाषेचा प्रश्न नवा नाही, पण येथे तो सभेतला नव्हता. अतिदक्षता कक्षात मूल "उकडतंय" म्हणाले, "कूस बदल" म्हणाले, आणि कोणालाच कळले नाही तर? म्हणून आदल्या दिवशी मी एका कागदावर तिचे वीसेक शब्द लिहिले. समोर कन्नडात अर्थ लिहिला. "बाऊ" म्हणजे दुखणे. "मनी" म्हणजे मांजर नव्हे, तिची चिंध्यांची बाहुली. एका परिचारिकेने तो कागद पाहिला, हसली, आणि तिसऱ्या रकान्यात मल्याळम लिपीत सर्व उतरवून खाटेच्या डोक्याशी चिकटविला. मी आजवर पुष्कळ टिपा व टीका लिहिल्या. त्यांपैकी इतकी उपयोगी एकही नाही.

ज्या मुलाला बोलता येत नाही, त्याचे काय? काश्यपसंहितेत त्यासाठी स्वतंत्र अध्यायच आहे. हा ग्रंथ नेपाळात सापडला आणि पंडित हेमराज शर्मा यांच्या उपोद्घातासह 1938 साली प्रसिद्ध झाला. कान दुखणारे बाळ हात कानाशी नेते, डोके दुखणारे मस्तक इकडेतिकडे फिरविते, अशी चिन्हे एकेक अवयव घेऊन तेथे नोंदली आहेत. आपला हृदयरोगाचा इतिहासही असाच आहे. बाल्टिमोरच्या हेलन टॉसिग यांना ऐकू कमी येई. त्या बालकाच्या छातीवर हात ठेवून हृदयाचे स्पंदन ओळखीत. त्यांची कल्पना, व्हिव्हियन थॉमस यांनी प्रयोगशाळेत बसविलेली कृती आणि ब्लॅलॉक यांचे शस्त्र, या तिघांच्या योगाने 29 नोव्हेंबर 1944 रोजी अशा निळ्या बालकावर पहिली शस्त्रक्रिया झाली. दोष मुळातून दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया 1954 पासूनची, मिनेसोटातील लिलेहाय यांची. माझ्या आजोबांच्या लहानपणी आमची मुलगी असती तर तिला वैद्याकडे नेण्यात अर्थच नव्हता.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री मी मुलीला सर्व सांगितले. चरकाचार्यांनी बजावले आहे की, मूल रडते किंवा जेवत नाही म्हणून त्याला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये. मला वाटते, खोटा धीर देणे हे त्याचेच भावंड आहे. मी म्हणालो, "उद्या तुला झोपेचं औषध देतील. तू झोपशील तेव्हा डॉक्टर तुझं हृदय नीट करतील. जागी होशील तेव्हा तोंडात नळी असेल, म्हणून बोलता येणार नाही. छातीला बाऊ होईल. आम्ही बाहेर असू आणि रोज येऊ." तिने विचारले, "मनी येईल?" ते मात्र मी विचारून ठेवले नव्हते. "माहीत नाही, विचारतो," म्हणालो. मनी धुऊन, वाळवून, स्वच्छ पिशवीत घालून आत गेली.

शुचितेविषयी येथे थोडे बोलतो, कारण आपल्या मंडळींत तिचा घोटाळा फार होतो. भेटीला आलेले आप्त अंगारा, तीर्थ, निर्माल्य घेऊन येतात. भावना थोर असते. पण छातीची जखम ओली आहे, रक्तवाहिनीत नळी आहे, अशा बालकाच्या कपाळी अंगारा लावण्यापूर्वी हात धुतले का, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. सोवळे नेसलेला हातही न धुतलेला असू शकतो. आम्ही अंगाऱ्याची पुडी घरच्या देव्हाऱ्यात ठेवावयास सांगितली. एक काका रागावले. अजून बोलत नाहीत.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस मी मिनिटांनी मोजले. दीड दिवसाने श्वासाची नळी निघाली. मग तहान. हृदयावर भार पडू नये म्हणून पाणी मोजून द्यावयाचे असते. मुलगी पाण्यासाठी व्याकूळ होई, आणि आई चमच्याने ओठ ओले करून प्रत्येक चमचा वहीत मांडी. किती पोटात गेले, किती लघवी झाली, सर्व आकडे. मी त्या वहीचा लेखनिक झालो, आणि दोनदा तरी आमच्या आकड्यांवरून डॉक्टरांनी औषधाचे प्रमाण बदलले. मग छातीत कफ साचू नये म्हणून तिला साबणाचे फुगे फुंकावयाचे होते. ती फुंकेना, दुखे. तेव्हा मी स्वतः फुगे सोडू लागलो, आणि ते मुद्दाम वाईट सोडू लागलो. "बाबांना येत नाही," म्हणून तिने नळी हिसकली. शस्त्रक्रियेनंतर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

घरी आमचा सात वर्षांचा मुलगा आजीजवळ होता. त्याच्याकडे आमचे लक्ष नव्हते, हे खरे. परतल्यावर कळले की बहिणीशी भांडलो म्हणून ती आजारी पडली, अशी त्याची समजूत झाली होती आणि तेवीस दिवस ती त्याने कोणाला सांगितली नव्हती. आपल्या घरी असा प्रसंग आला तर घरी राहिलेल्या मुलाशी रोज बोला. फोनवर खाटेवरच्या मुलाची बातमी सांगू नका, त्याची विचारा.

घरी आल्यावर सहा आठवडे तिला काखेत हात घालून उचलावयाचे नव्हते. छातीचे हाड जुळून येईपर्यंत एक हात पाठीखाली, एक मांड्यांखाली, असे उचलावे लागे. आल्यागेल्यांना हे सांगता सांगता पुरेवाट झाली, म्हणून दारावरच तसे लिहून लावले. दातांची काळजी आता जन्मभर घ्यावयाची, कारण किडलेल्या दातातून जंतू हृदयापर्यंत जातात. वर्षातून तपासणी आहेच. पुढे मोठेपणी फुप्फुसाच्या वाटेची झडप कदाचित बदलावी लागेल, असे डॉक्टरांनी लपवून न ठेवता सांगितले आहे.

परवा मठाच्या पायऱ्या ती चढून गेली. निम्म्यावर सवयीने उकिडवी बसली, आमच्याकडे पाहिले, आणि उठून पुढे गेली. पुढची तपासणी मार्गशीर्षात आहे. काल रात्री तिने विचारले, "तिथे टोचतील?" मी दूरध्वनी करून विचारून घेतले होते. म्हणालो, "होय, एकदा. डाव्या हाताला."