‘वाळीत’ या शब्दाविषयी
(श्रीक्षेत्र नृसिंहवाडी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कृष्णा-पंचगंगेच्या या संगमावर एकटेपणाची दोन रूपे आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. श्रीनृसिंहसरस्वतींनी येथे तपाचरणासाठी पत्करला तो एकांत. आणि २००५ व २०१९ साली महापुराने वाडीला घातला तो वेढा. एकांत मनुष्य आपण होऊन घेतो, वेढा निसर्ग घालतो. मला बोलावयाचे आहे ते तिसऱ्याच एका शब्दाविषयी.

‘वाळीत’ हा शब्द सुकण्यावरून आला, अशी पुष्कळांची समजूत आहे. झाडापासून तोडलेली फांदी वाळते, तसा जातीतून तुटलेला मनुष्य! कल्पना सुंदर खरी. व्याकरण मात्र तिला अनुकूल नाही. धोतर आपोआप वाळते, त्या क्रियेला कर्म लागत नाही. परंतु वगळणे, त्यागणे या अर्थाचे ‘वाळणे’ हे सकर्मक क्रियापद जुन्या मराठीत निराळे होते. पडण्यापासून ‘पडीत’, जळण्यापासून ‘जळीत’, तसे त्यापासून ‘वाळीत’ झाले, असे मला वाटते. क्रियापद लोपले, हा अवशेष मात्र उरला.

सकर्मक क्रियेला कर्ता असावाच लागतो. येथे कर्ता कोण? पंक्तीतले पान उचलणारे, विस्तव-पाणी नाकारणारे, सोयरीक मोडणारे, म्हणजे आप्तच. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून ग्रामण्य उभे राहिले, तेव्हा त्यातून रानडे सुटले नाहीत, टिळकही सुटले नाहीत. दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका पेल्याची ही किंमत!

तरीही वाळीत पडलेल्यास प्रायश्चित्ताची वाट मोकळी असे. ज्यांना जन्मतःच बाहेर ठेवले, त्यांना ती वाटही नव्हती. १९२० च्या मार्च महिन्यात आपल्याच कोल्हापूर संस्थानातील माणगावी जी परिषद डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली आणि जिला शाहू छत्रपती स्वतः उपस्थित राहिले, तिच्या नावात ‘बहिष्कृत वर्ग’ हे शब्द होते. १९२७ साली डॉक्टरसाहेबांनी पत्र काढले, तेही ‘बहिष्कृत भारत’. बाहेर काढणाऱ्यांचाच शब्द त्यांनी जाहीर आरोप म्हणून मस्तकी धारण केला.

इंग्रजी ‘बॉयकॉट’ची कुळकथा याच्या अगदी उलट. १८८० साली आयर्लंडातील कुळांनी जमीनदाराच्या बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्याशी व्यवहार तोडला. तेथे दुबळ्यांनी प्रबळास एकटे पाडले. आपल्याकडे १९०५ नंतर परदेशी कापडावर टाकलेला बहिष्कार याच जातीचा. तो आणि वाळीत टाकणे यांना एकाच तागडीत तोलू नये.

महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा संमत केला व तो जुलै २०१७ पासून अमलात आला. बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या आहेत. जातपंचायत म्हणजे केवळ जुनी पागोटेवाली मंडळी नव्हेत. नोंदलेली असो वा नसो, कोणतीही ज्ञातिसंस्था त्या व्याख्येत येऊ शकते. आपल्या मंडळाच्या नियमावलीतील सभासदत्व रद्द करण्याचे कलम कार्यकारिणीने या दृष्टीने एकवार वाचून पाहावे, अशी माझी सूचना आहे.