घरात आणखी कोण होते?



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा घातला. अशा मालेत दूरदर्शनवरील मालिकांविषयी बोलणे आपल्यापैकी काहींना थोडे हलके वाटेल. परंतु शनिवारवाडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते कोठून आले, हे प्रत्येकाने स्वतःशी पाहावे. बखरीतून आले असे म्हणणारे थोडे निघतील. बहुतेकांच्या बाबतीत ते चार कादंबऱ्यांतून आणि त्या पेटीच्या पडद्यावरून आलेले असते. जेथून आपण इतिहास शिकतो, ती जागा तपासून पाहणे हलके काम नव्हे.

मला दोन प्रकारच्या मालिका प्रिय आहेत. एक जुन्या काळाच्या आणि दुसऱ्या रहस्याच्या. वरवर पाहता या दोहोंची गोडी अगदी उलट आहे. रणजित देसाई यांच्या १९६२ सालच्या 'स्वामी' कादंबरीवरून गजानन जागीरदार यांनी मालिका केली, त्यात रवींद्र मंकणी माधवराव झाले होते. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला हा तरुण पेशवा क्षयाने जाणार, हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते, तरी शेवटाला डोळे ओले झालेच. उलट बासू चटर्जींची 'ब्योमकेश बक्षी' ही मालिका १९९३ साली आली. शरदिंदु बंद्योपाध्यायांच्या कथांतला तो धोतर नेसणारा कोलकात्याचा तरुण रजित कपूर यांनी उभा केला. तेथे शेवट ठाऊक नसतो म्हणूनच आपण खिळून बसतो. एकीकडे ठाऊक असलेल्या शेवटाची ओढ आणि दुसरीकडे ठाऊक नसलेल्या शेवटाची!

ही आवड आपल्याच मुलखाची आहे असेही नाही. विलायतेत बी.बी.सी.ने १९६७ साली गॉल्सवर्दींच्या कादंबऱ्यांवरून 'द फोर्साइट सागा' ही सव्वीस भागांची मालिका केली. पुढच्या वर्षी ती रविवारी संध्याकाळी पुन्हा दाखवू लागले, तेव्हा काही चर्चना सायंप्रार्थनेची वेळ बदलावी लागली. आपल्याकडे १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागले की रस्ते ओस पडत, त्यातलाच हा प्रकार. तीच मालिका अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर इतकी गाजली की १९७१ पासून तेथे ब्रिटिश मालिकांसाठी 'मास्टरपीस थिएटर' हा वेगळा कार्यक्रमच सुरू झाला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, आणि त्यासाठी घरातली एक लहानशी आठवण सांगतो. मी लहान असताना आमच्या घरी नुकताच कृष्णधवल संच आला होता. आळीतली दहा-पंधरा माणसे सतरंजीवर बसून कोणतीशी ऐतिहासिक मालिका पाहत होती. मालिकेचे नाव आता आठवत नाही. पडद्यावर पंगत बसली होती, चांदीची ताटे मांडली होती. आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती माझ्या आईला म्हणाली, "एवढ्या मोठ्या वाड्यातले भांडे कोन घासत असन वो बाई?" सगळे हसले. आई म्हणाली, "असतील कोणी तरी!" आणि मालिका पुढे चालू राहिली.

'असतील कोणी तरी' हे उत्तर मला तेव्हा पुरेसे वाटले. आज वाटत नाही.

रहस्यकथेतला शोधक असे उत्तर कधीही चालवून घेत नाही. त्याचा पहिला प्रश्नच असा असतो की, त्या रात्री घरात आणखी कोण होते? तो पहारेकऱ्याला विचारतो, स्वयंपाक्याला बोलावतो, मोलकरणीचे म्हणणे मालकिणीच्या म्हणण्याशी ताडून पाहतो. चेस्टर्टन या इंग्रज लेखकाने १९११ साली फादर ब्राउन या पाद्री शोधकाच्या कथांचे पुस्तक काढले. त्यातल्या एका कथेत चार माणसे एका इमारतीवर नजर ठेवून असतात. आत खून होतो आणि चौघेही शपथेवर सांगतात की, आत कोणीच गेले नाही. पाद्रीबुवांना मात्र बर्फात पावलांचे ठसे दिसतात. गेला होता पोस्टमन! चौघांच्या डोळ्यांदेखत तो गेला आणि परतला, पण पोस्टमनला कोणी 'माणूस' म्हणून मोजलेच नव्हते.

सभ्यहो, आपल्या ऐतिहासिक मालिकांत असे पोस्टमन किती असतात, ते मोजून पाहा. कोणी पंखा हलवतो, कोणी तबक आणून ठेवते, कोणी "सरकार, स्वार आला आहे" एवढे बोलून जातो. वास्तविक पेशव्यांच्या पदरी अशा चाकरांचे 'शागिर्दपेशा' म्हणून वेगळे खातेच होते आणि वाड्यात राबणाऱ्या कुणबिणी म्हणजे विकत घेतलेल्या दासी होत्या. पेशवे दप्तराच्या मोडी कागदांत त्यांचा उल्लेख सापडतो. दप्तराने ज्यांची नोंद ठेवली, त्यांना पडद्याने गाळले. आणि न्यायाची गोष्ट म्हणजे हा दोष रहस्यमालिकांनाही अगदीच सुटलेला नाही. ब्योमकेशाच्या घरचा पुंटीराम चहा ठेवून निघून जातो, तो गेलाच.

हे टाळता येत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' ही १९७१ साली सुरू झालेली ब्रिटिश मालिका जीन मार्श आणि आयलीन ॲटकिन्स या दोन नट्यांना सुचली. दोघींच्याही घरची माणसे मोठ्यांच्या घरी नोकरीला राहिलेली होती. म्हणून त्या मालिकेत माडीवरच्या मालकांइतकाच तळघरातल्या स्वयंपाकघराला मान मिळाला, आणि तीही लोकांना अतिशय आवडली. आपल्याकडे गोविंद निहलानी यांनी भीष्म साहनींच्या कादंबरीवरून केलेली 'तमस' १९८८ च्या जानेवारीत दूरदर्शनवर आली. फाळणीची ती कथा कोणा पुढाऱ्यापासून सुरू होत नाही. कातडी कमावणाऱ्या नथ्थूपासून होते. पाच रुपयांसाठी तो एक डुक्कर मारून देतो, आणि त्याच डुकरावरून गाव पेटते. ती मालिका थांबवावी म्हणून लोक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहिली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही ती दाखवू दिली. घरात आणखी कोण होते, हे विचारले की काहींना राग येतो, याचा हा पुरावाच समजावा.

उद्या कोणी आपल्या आर्वीवर मालिका काढली तर? १९१७ साली सुरू झालेली पुलगाव-आर्वीची छोटी गाडी त्यात हमखास धूर सोडत येईल. कापसाचे व्यापारी येतील, टोपीवाला साहेब येईल. पण जिनिंगमध्ये सरकी निघताना उडणारा तंतू नाकातोंडात घेत कापूस भरणाऱ्या बायका, गाठी डब्यांत चढवणारे हमाल, रात्री रुळावरून कंदील घेऊन फिरणारा गँगमन हे त्यात कोठे असतील? त्यांची नावे कोणत्या कादंबरीत नाहीत. ती काही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत, कोठे एखाद्या हजेरीच्या वहीत आहेत, आणि ती वही बहुधा रद्दीच्या वाटेवर आहे. साक्षीदार गेले आणि कागद गेला, तर ब्योमकेशासारखा सत्यान्वेषीसुद्धा काय करणार?

मालिका पाहणे सोडा, असे मी म्हणत नाही. मी स्वतः सोडलेले नाही. एवढेच सुचवतो की, पुढच्या वेळी पडद्यावर वाडा उजळला म्हणजे दारच्या चौकटीकडेही एकदा पाहावे. आणि आज घरी गेल्यावर, घरातले कोणी म्हातारे माणूस जागे असेल तर त्याला विचारावे, जिनिंगमध्ये तुमच्याबरोबर कोण कोण होते? नावे सांगितली तर लिहून घ्यावीत.

आमच्याकडे भांडी घासणाऱ्या त्या बाईंचे नाव मला लहानपणी ठाऊक नव्हते. आम्ही सारे तिला नुसते 'बाई' म्हणत होतो. पुढे आईला विचारावे असे मनात आले, तेव्हा आई राहिली नव्हती.