आपोआप काहीच होत नाही
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात, सावंगी (मेघे) येथे दिलेले भाषण)



आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. आज रसायनशास्त्रावर बोलायला उभे राहिलो, याचे कारण आपल्या वस्तीतील एक विद्यार्थिनी. तिने विचारले, "काका, काही रेणू आपोआप जुळून पिंजरा होतो म्हणतात. त्यांना जुळवतो कोण?" शेजारचे गृहस्थ म्हणाले, "देवाची करणी!" आम्हाला त्या वेळी उत्तर देता आले नाही. गप्प बसल्याची खंत वाटली, म्हणून वाचन केले. ते उत्तर आज देत आहोत.

जपानचे रसायनशास्त्रज्ञ माकोतो फुजिता यांनी 1995 साली असा एक पिंजरा प्रसिद्ध केला. त्यात पॅलेडियम धातूचे 6 आयन आणि 4 त्रिकोणी रेणू असतात. प्रत्येक त्रिकोणाच्या तीन टोकांना नायट्रोजनचे अणू असतात व ते धातूला धरतात. 4 त्रिकोणांचे हात झाले 12. प्रत्येक पॅलेडियमच्या चार जागांपैकी दोन आधीच बंद केलेल्या, दोन काटकोनात मोकळ्या. म्हणजे 6 आयनांच्या जागाही 12. आमच्या भाषेत सांगायचे तर जमा आणि नावे जुळले! एकही हात रिकामा नाही, एकही जागा शिल्लक नाही. ठरलेले कोन आणि ठरलेल्या जागा यांतून हा पोकळ पिंजरा उभा राहतो.

पण सुरुवातीलाच चुकीचे हात जुळले तर? खरे मर्म इथे आहे. हे बंध पक्के असूनही सुटू शकतात. चुकीचा जोड सुटतो, पुन्हा जुळतो, आणि शेवटी सर्वांत स्थिर रचना टिकते. बँकेत चुकीची नोंद उलटवून बरोबर नोंद करतात, तसेच. प्लॅटिनमचे बंध सहज सुटत नाहीत, म्हणून तेथे चूक दुरुस्त व्हायला उष्णता आणि बराच वेळ द्यावा लागतो.

अशा पिंजऱ्यांचा उपयोग काय? पांढरा फॉस्फरस हवेत पेट घेतो. केंब्रिजच्या जोनाथन नित्श्के यांच्या गटाने 2009 साली तो लोखंडाच्या आयनांच्या पिंजऱ्यात ठेवून हवेतही सुरक्षित राहतो, हे दाखवले. आपल्या महाराष्ट्रातही, पुण्याच्या आयसर संस्थेत, रामामूर्ती बुमीशंकर यांच्या गटाने पॅलेडियमचे पिंजरे घडवले आहेत. याच कुळातील, पण अखंड पसरत जाणाऱ्या जाळ्यांसाठी 2025 चे रसायनशास्त्राचे नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळाले.

तथागतांनी रसायनशास्त्र सांगितले, असा दावा आम्ही करणार नाही. तसा दावा करणे हीसुद्धा एक अंधश्रद्धाच होईल. परंतु प्रत्येक गोष्टीमागे कारणे शोधावीत, ही प्रतीत्यसमुत्पादाची दृष्टी धम्माने आपल्याला दिली. त्या दृष्टीने पाहिले की कळते, जुळवणारा कोणी नसला तरी कारणे आहेत: आकार, दिशा, प्रमाण आणि चूक सुधारण्याची सोय. यातले एक काढा, पिंजरा होणार नाही.

मित्रहो, बाबासाहेबांनी संघटित व्हायला सांगितले. माणसे एका सभागृहात आणून बसवली म्हणजे संघटना होत नाही. तिथेही प्रत्येकाला योग्य जागा हवी आणि चुकलेला जोड सोडून पुन्हा जोडण्याची तयारी हवी. फरक एवढाच, की रेणूला निवड नसते, आपल्याला आहे.

ती विद्यार्थिनी विज्ञान सोडण्याच्या विचारात होती. "हे आपल्यासारख्यांचे काम नाही," असे तिला कोणीतरी सांगितले होते. बेटा, ज्या प्रश्नाने आम्हाला चाळिशीनंतर पुस्तक हाती घ्यायला लावले, तो तुझा होता. विज्ञान सोडू नकोस. पुढच्या मेळाव्यात या जागी तू उभी राहा, आम्ही समोर बसून ऐकू.

जयभीम! नमो बुद्धाय!