कार्बनची पायरी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



दहावीच्या वर्गात सरांनी कोळशाचा तुकडा टेबलावर ठेवून विचारलं होतं, "हा आला कुठून?" मी ऐटीत म्हणालो, "खाणीतून." सर म्हणाले, "आणि खाणीच्या आधी?" वर्ग हसला, मी खाली बसलो. सर आज पहिल्या रांगेत आहेत. उत्तराला चाळीस वर्षं उशीर झाला, माफ करा.

सर, कार्बन ताऱ्याच्या पोटात तयार होतो. सुमारे दहा कोटी अंश तापमानाला हेलियमची दोन केंद्रकं जुळून बेरिलियम बनतं. त्याचं आयुष्य म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा पुन्हा कोटावा भाग. तेवढ्यात तिसरं हेलियम येऊन धडकलं, तरच कार्बन. नुसत्या योगायोगावर सोडलं असतं, तर जगात कार्बन नावापुरताच उरला असता.

केंद्रकाच्या ऊर्जेला शिडीसारख्या ठरावीक पायऱ्या असतात, मध्ये कुठे थांबता येत नाही. 1953 साली फ्रेड हॉएल, म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू, कॅलिफोर्नियात विल्यम फाउलर यांच्या प्रयोगशाळेत गेले. कार्बनला साधारण 7.7 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टवर एक पायरी असलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. का, तर तिथे तिघांची ऊर्जा जुळते आणि कार्बन भरपूर बनू शकतो. फाउलरना आधी ते पटलं नाही. मलाही पटलं नसतं.

पण मोजायचं कसं? आपल्या मोंढ्यात गाडी आधी भरलेली काट्यावर चढते, मग रिकामी. फरक तो माल. वॉर्ड व्हेलिंग आणि सहकाऱ्यांनी हाच हिशेब केला. नायट्रोजनवर ड्यूटेरॉनचा मारा केला की कार्बन तयार होतो आणि एक अल्फा कण बाहेर पडतो. चुंबकात तो किती वळला यावरून त्याची ऊर्जा कळते. एकूण ऊर्जा माहीत असतेच, जी कमी भरली ती कार्बनमध्ये अडकलेली. तुटवडा निघाला 7.68! आज हा आकडा 7.65 धरतात.

फाउलरना 1983 साली नोबेल मिळालं, त्यात हॉएल नव्हते. मला ते अजून खटकतं.

आपल्या धर्माबादच्या मिरचीत जे झोंबतं, त्या कॅप्सेसिनच्या एका रेणूत कार्बनचे 18 अणू असतात. ते सगळे ही पायरी चढून आलेले. आणि पायरी निसरडी आहे बरं का! तिथवर पोचलेली बहुतेक केंद्रकं पुन्हा फुटून हेलियम होतात, साधारण अडीच हजारांत एखादंच कार्बन म्हणून टिकतं. 2020 मध्ये एका गटाच्या मोजणीत हे प्रमाण बरंच जास्त आलं आणि मोठी खळबळ उडाली. पुढे इतरांनी मोजलं, तेव्हा जुन्याच आकड्याला दुजोरा मिळाला.