धक्का : वीजनौकेचे छत्र
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तंजावूर येथे दिलेले भाषण)



आम्ही साधे बी. ए.; केंद्र सरकारच्या नोकरीत केस पिकले. स्थापत्यशास्त्रावर आमचा अधिकार नाही. तरीही विजेवर चालणाऱ्या नौकांच्या धक्क्यांविषयी बोलावेसे वाटले, त्यास एक घरगुती कारण आहे.

काही वर्षांपूर्वी वृद्ध आत्याबाईंना घेऊन आम्ही एका खाडीवर फेरीबोटीसाठी उभे होतो. ओहोटी लागलेली, बोट धक्क्याच्या दोन हात खाली, पायऱ्यांवर शेवाळ. खलाशाने हात पुढे केला, पण आत्याबाईंचे गुडघे धजेनात. बोट निघून गेली. त्या एवढेच म्हणाल्या, "पैलतीर दिसतो आहे रे, पण पाय टाकायचा कुठे?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस कोचीत सापडले. तेथील जलमेट्रो 25 एप्रिल 2023 रोजी सुरू झाली. तिच्या नौका कोचीच्याच गोदीत बांधलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या. धक्का मात्र तरंगता आहे. भरतीबरोबर तो चढतो, ओहोटीबरोबर उतरतो. त्यामुळे चाकांची खुर्चीही सरळ नौकेत जाते. शिवाय उतारू चढउतार करीत असतानाच दहा-पंधरा मिनिटांत बॅटरीत वीज भरून घेता येते. हे पाहावयास आत्याबाई हयात नव्हत्या.

येथेच स्थापत्याचा खरा प्रश्न उभा राहतो. थोड्या वेळात पुष्कळ वीज हवी. आणि किनाऱ्यावरील गावांच्या तारा तर अशक्त असतात. नॉर्वेमध्ये 2015 साली मोटारी वाहून नेणारी 'अँपिअर' ही वीजनौका सुरू झाली, तेव्हा हीच अडचण आली. तेथे दोन्ही तीरांवर मोठ्या बॅटऱ्या बसविण्यात आल्या. नौका पाण्यावर असताना त्या सावकाश भरतात, आणि नौका धक्क्यास लागली की साठविलेली वीज तिला देतात. गावचे दिवे मंद होत नाहीत.

श्रोतेहो, ही युक्ती तंजावूरकरांस परकी वाटू नये. रामेश्वराच्या वाटेवर भोसले राजांनी छत्रे बांधली, ती याच न्यायाने. धान्य आधी साठवावयाचे, म्हणजे यात्रेकरू येताच पान वाढता येते. 1801 साली दुसऱ्या सरफोजीराजांनी या छत्रांच्या रक्षणासाठी इंग्रज रेसिडेंटास कळकळीचे पत्र लिहिले. वाटसरूस अन्न आणि आजाऱ्यास औषध मिळावे, ही त्यामागील दृष्टी होती. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र आपण सर्वांनी पाहिलेच आहे. वीजनौकेचा धक्का म्हणजे पाण्याच्या वाटेवरील छत्रच होय!

आपल्या जिल्ह्यासही समुद्रकिनारा आहे. मल्लिपट्टणमजवळ सरफोजीराजांचा षट्कोनी मनोरा आजही समुद्राकडे पाहत उभा आहे. त्या किनाऱ्यावर उद्या असा धक्का बांधावयाचा झाला, तर 16 नोव्हेंबर 2018 च्या 'गजा' वादळाची आठवण ठेवूनच त्याचा आराखडा व्हावा. त्या वेळी विजेचे खांब हजारोंनी कोसळले आणि कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात राहिली. यास्तव विजेची खोली लाटांच्या मर्यादेच्या वर व मागे असावी. खाऱ्या वाऱ्यापासून ती बंदिस्त असावी. नौकेकडे जाणारी जाड केबल उतारूंच्या वाटेत येऊ नये. तीरावरील बॅटरी संकटकाळी गावच्या दवाखान्यासही उपयोगी पडावी. आणि बसावयास सावली असावी.

या गोष्टी खर्चिक आहेत, हे आम्ही जाणतो. सरकारी फायलींत आयुष्य गेले आहे. पण नौका विकत आणता येते, धक्का मात्र त्या त्या जागेसाठीच घडवावा लागतो. म्हणून धक्क्याचा विचार आधी व्हावा. आराखडा करणाऱ्याने कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी गुडघे दुखणाऱ्या एखाद्या वृद्धेस विचारावे, "बाई, पाय कुठे टाकाल?" तिचे उत्तर मिळाले की बाकीचे मोजमाप सोपे आहे.