बंदुकीचा कायदा : लेबल एक, माल दुसरा
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



मी गोदीत राबतो. मॅट्रिकपर्यंत शिकलो, कविता लिहितो. वकील नाही. पण गोदीनं एक शिकवलंय : पेटीवरच्या लेबलावर भरवसा ठेवायचा नाही. पेटी फोडली की कळतं आत काय भरलंय. कायद्याचंही तेच. आज अमेरिकेतले बंदुकीचे कायदे फोडून बघू. तुम्ही म्हणाल, ह्याचा साला आपल्याशी काय संबंध? शेवटी सांगतो.

तिथं पन्नास राज्यं. प्रत्येकाचं विधिमंडळ वेगळं, बंदुकीचा कायदा वेगळा. घटनेत शस्त्राचा हक्क १७९१ पासून लिहिलेला. पण कुणाचा? १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीशानं काळ्यांना नागरिक मानायला नकार दिला. त्याची भीती त्यानं निकालातच लिहून ठेवली : नागरिक मानलं तर हे लोक जातील तिथं शस्त्र घेऊन जातील!

१८६५ साली गुलामी संपली. त्याच वर्षी मिसिसिपी राज्यानं कायदा केला : बोर्डाच्या परवान्याशिवाय मुक्त काळ्यानं बंदूक ठेवायची नाही. सापडली तर दंड, आणि बंदूक चुगली करणाऱ्याला बक्षीस. पायातली बेडी काढली ती हाताला घातली.

पुढं राज्यकर्ते हुशार झाले. फ्लोरिडाच्या १८९३ च्या कायद्यात काळा-गोरा हा शब्दच नव्हता. सगळ्यांना सारखा. पण १९४१ साली तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तीनं कबुली दिली, की हा कायदा काळ्या मजुरांना निःशस्त्र करायलाच झाला होता, गोऱ्यांना लावायचा हेतू कधी नव्हताच. बघा, लेबल एक, माल दुसरा.

१९५६ साली अलाबामातल्या माँटगमरीत मार्टिन ल्यूथर किंगच्या घरावर बॉम्ब पडला. घरात बायको आणि तान्हं मूल. अहिंसेच्या त्या माणसानं पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. नामंजूर!

आणि आपल्याला जवळची गोष्ट. १९६७ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर भरल्या बंदुका उघड घेऊन ओकलंडमध्ये पोलिसांच्या मागं गस्त घालत. त्या वेळी ते कायदेशीर होतं. लगेच मल्फर्ड नावाच्या आमदारानं बिल आणलं. २ मे १९६७ ला पँथर बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधिमंडळात शिरले, बॉबी सीलनं निवेदन वाचलं. जुलैत गव्हर्नर रेगननं सही ठोकली : सार्वजनिक जागी भरलेली बंदूक बंद. बंदूकवाल्यांची सगळ्यात मोठी संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन, तिनंही ह्या बिलाला पाठिंबा दिला. काळ्याच्या हातात बंदूक दिसली की हक्कवाल्यांचाही हक्क झोपतो. ह्याच पँथरांचं नाव १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी घेतलं.

आता पारडं दुसऱ्या बाजूला झुकलंय. शिकागोत पिस्तुलाला बंदी होती. एका निवृत्त काळ्या म्हाताऱ्यानं दावा लावला : माझ्या घरात चोर घुसतात, मी काय करू? २०१० साली तो जिंकला, आणि घटनेतला हक्क राज्यांनाही लागू झाला. २०२२ साली न्यूयॉर्कचा जुना कायदा पडला. त्यात परवान्यासाठी 'योग्य कारण' दाखवावं लागे. त्या खटल्यात गरिबांचे खटले लढवणाऱ्या काळ्या वकिलांनी कोर्टाला सांगितलं, की ह्या कायद्याखाली तुरुंगात जातात ती आमचीच माणसं. न्यूयॉर्कनं काय केलं? आठवड्याभरात नवा कायदा. अट : 'चांगलं चारित्र्य'. चारित्र्य कोण मोजणार? खुर्चीवर बसलेला.

ज्या अलाबामानं किंगला परवाना नाकारला, तिथं १ जानेवारी २०२३ पासून पिस्तूल बाळगायला परवानाच लागत नाही. २०२४ पर्यंत अशी २९ राज्यं झाली. मग जिंकलो का? थांबा. २०१६ साली मिनेसोटात शाळेच्या जेवणघरात काम करणाऱ्या एका काळ्या माणसाची गाडी पोलिसानं अडवली. परवाना होता. त्यानं स्वतःच सांगितलं, माझ्याजवळ बंदूक आहे. पोलिसानं गोळ्या घातल्या. पोलीस निर्दोष सुटला. कागदावरचा हक्क कातडीपाशी येऊन थांबला.

मी बंदुकीची आरती करायला उभा नाही. तिथं बंदुकीनं मरतात त्यात गरीब वस्तीतली काळी पोरं फार. त्यांच्या आया रडतात, तो हिशेब खोटा नाही. पण माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या जिवाचं रक्षण करायचा हक्क साहेबाच्या मर्जीवर टांगलेला नसावा. म्हणून बिलाचं नाव बघू नका. चार गोष्टी बघा : ठरवणार कोण, कारण कोण मागणार, फी किती, आणि पकडले जाणार कोण.

आता आपल्याकडं या. चातुर्वर्ण्यानं खालच्यांना शस्त्र धरू दिलं नाही म्हणून ते बंड करू शकले नाहीत, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलना'त मांडलं. आपल्याकडंही बारीक अक्षरात एक नियम आहे, तुमच्यातल्या किती जणांनी वाचलाय? अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे १९९५ चे नियम, नियम ३. अत्याचारप्रवण भागात सरकारनं आवश्यक वाटल्यास इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रं जमा करून घ्यावीत, आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना परवाने द्यावेत.

आवश्यक वाटल्यास! कुणाला वाटायचं?

माझ्या चुलत्याचा कडबा जाळला गावात. गायरानातला तुकडा कसतो एवढाच गुन्हा. जाळणाऱ्याच्या घरात बाराबोर, पिकाच्या संरक्षणासाठी. चुलत्यानं ह्याच नियमावर बोट ठेवून अर्ज केला. उत्तर एका ओळीचं : आवश्यकता दिसत नाही. पिकाला रानडुकरापासून बंदूक मिळते, माणसाला माणसापासून नाही. म्हातारा मला म्हणाला, "पोरा, मला बंदूक चालवता पन येत न्हाई. मला फकस्त त्याची काढून घ्यायला पायजे हुती." ते वाक्य घेऊन मी रात्रपाळीला गेलो. झोप गेली ती गेलीच.

मिसिसिपीचं 'बोर्ड', न्यूयॉर्कचं 'योग्य कारण', आपलं 'आवश्यक वाटल्यास'. पेटी वेगळी, माल एकच.

म्हणून काम सांगतो. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. दहा रुपयांत अर्ज होतो. प्रत्येकानं आपल्या गावाच्या जिल्ह्याला विचारायचं : नियम ३ खाली किती परवाने रद्द केले? आमच्या माणसांना किती दिले? किती अर्ज नाकारले, कारण काय लिहिलं? उत्तरं आली की ह्याच अंकात जिल्हावार छापू. पेट्या मोजायला आपण शिकलोय. आता कायदे मोजू.

पहिला अर्ज माझ्या खिशात आहे. दुसरा कोण लिहितो?

जय भीम!